कॅरोलाइन क्वायनरचे माहेर

लॉरा इंगल्स वाइल्डरच्या 'लिटल हाउस' मालिकेतील आई ज्यांनी वाचली आहे, त्यांना तिचा स्वभाव चांगला ठाऊक असतो. ती शांत आहे, नेटकी आहे. कुडाच्या घरात, मातीच्या घरात, तट्ट्याच्या गाडीत, जिथे जाईल तिथे ती चिनीमातीची छोटी बाहुली फळीवर मांडते आणि मग ते घर होते. मुलींनी शिकावे, मोठ्याने हसू नये, उन्हाची टोपी डोक्यावर ठेवावी, हा तिचा आग्रह. एवढे सगळे ठाऊक असूनही या बाईचे माहेर कोणते, तिचे वडील कोण होते, आजी कुठून आली होती, हे विचारले तर चांगल्या वाचकालाही उत्तर देता येत नाही. मालिकेतील पहिले पुस्तक, १९३२ सालचे 'लिटल हाउस इन द बिग वुड्स', या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्यात कथेच्या मध्येच वेगळे शीर्षक देऊन सांगितलेल्या गोष्टी येतात. त्या सगळ्या वडिलांच्या तोंडच्या आहेत: आजोबा आणि वाघरू, आजोबांची बर्फावरची घसरगाडी, वडिलांचे लहानपण. इंगल्स घराण्याची एक पिढी अशी गोष्टींच्या वाटेने पुस्तकात शिरते. नाचाच्या प्रसंगी तर ते आजी-आजोबा प्रत्यक्षच भेटतात. आईच्या बाजूचे कोणी अशा तऱ्हेने येत नाही.

आईच्या भूतकाळाची एक खूण मात्र त्या पुस्तकात आहे. ती म्हणजे एक झगा. गर्द हिरव्या डिलेन कापडाचा, पिकल्या स्ट्रॉबेरीसारखी बारीक नक्षी असलेला. तो कागदात गुंडाळून जपून ठेवलेला असतो. लग्नाआधी आई 'पूर्वेकडे' राहत होती, तेथे शिवणकाम करणाऱ्या बाईकडून तिने तो शिवून घेतला होता, असे लेखिका सांगते. 'पूर्व' हा शब्द वाचताच वाचकाच्या मनात बॉस्टन, न्यूयॉर्क अशी शहरे उभी राहतात. शहरातील सुखवस्तू घर सोडून जंगलात आलेली तरुणी असे चित्र तयार होते. कागदपत्रे वेगळे सांगतात. कॅरोलाइन लेक क्वायनर १२ डिसेंबर १८३९ रोजी मिल्वॉकीच्या पश्चिमेस ब्रुकफील्ड येथे जन्मली. विस्कॉन्सिन तेव्हा राज्यही झाले नव्हते, तो केवळ एक प्रदेश होता. राज्याचा दर्जा मिळाला १८४८ साली, म्हणजे कॅरोलाइन आठ वर्षांची असताना. जिला वाचक पूर्वेकडची समजतात ती आपल्या नवऱ्याहून अधिक 'पश्चिमेची' होती, कारण चार्ल्स इंगल्सचा जन्म न्यूयॉर्क राज्यातील क्यूबा या गावचा (१० जानेवारी १८३६). झग्याची 'पूर्व' म्हणजे त्याच विस्कॉन्सिनची दुसरी बाजू. एका राज्याची पूर्वबाजू आणि एका संस्कृतीचे उगमस्थान यांची एका शब्दात गल्लत होते, आणि त्या गल्लतीने एका बाईचे सारे माहेर झाकून जाते.

खरी पूर्वेची होती ती कॅरोलाइनची आई. शार्लट वॉलिस टकर १८०९ साली बॉस्टनलगतच्या रॉक्सबरी येथे जन्मली. हेन्री न्यूटन क्वायनर हा कनेटिकटमधील न्यू हेवनचा, जन्म १८०७. दोघांचे लग्न १८३१ साली झाले. त्यानंतर ओहायो, मग इंडियाना, मग विस्कॉन्सिन असा टप्प्याटप्प्याने प्रवास झाला. मुले वाटेत होत गेली. सात मुलांत कॅरोलाइन पाचवी. पहिली मुलगी मार्था लहानपणीच गेली आणि पुढे झालेल्या मुलीला तेच नाव दिले गेले. वंशावळी धुंडाळणाऱ्याला हे एकच नाव दोन ठिकाणी भेटते तेव्हा आधी गोंधळ होतो, आणि मग त्यामागचे दुःख ध्यानात येते. त्या काळी अमेरिकेत असे नाव पुन्हा ठेवण्याची रीत सर्रास होती.

या घराण्याचा माग काढणे कठीण का, ते समजून घेण्यासाठी शिरगणतीची रीत पाहिली पाहिजे. अमेरिकेत दर दहा वर्षांनी शिरगणती होते. परंतु १८४० पर्यंतच्या शिरगणतीत कुटुंबप्रमुखाचेच नाव लिहीत. बाकीची माणसे वय आणि लिंग यांच्या रकान्यांत आकडे होऊन राहत. १८४० साली काही महिन्यांची असलेली मुलगी म्हणजे 'पाच वर्षांखालील स्त्रिया' या रकान्यातील एक अंक. घरातील प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव लिहिण्याची पद्धत १८५० साली आली. तेव्हाही गुलामांची नावे लिहिली जात नव्हती, त्यांचे वय, लिंग आणि वर्ण यांचीच नोंद मालकाच्या नावाखाली होई. कुटुंबप्रमुखाशी प्रत्येकाचे नाते काय, हे लिहायला १८८० उजाडावे लागले. किती मुले झाली आणि किती हयात आहेत, हा प्रश्न स्त्रियांना १९०० सालच्या शिरगणतीत विचारला गेला. एखादी स्त्री कुणाची मुलगी, कुणाची बहीण, किती मुलांची आई, हे सरकारला कळायला असे अर्धे शतक लागले. त्यातही १८९० ची बहुतेक कागदपत्रे १९२१ साली वॉशिंग्टनमध्ये लागलेल्या आगीमुळे हातची गेली.

कुटुंबांनी स्वतः तयार केलेले कुलवृत्तान्तही वेगळे नव्हते. इंगल्स घराण्याचा असा कुलवृत्तान्त १९०३ साली छापला गेला. सतराव्या शतकात इंग्लंडहून मॅसॅच्युसेट्समध्ये आलेल्या एडमंड इंगल्सपासून निघून तो खाली उतरतो. अशा ग्रंथांचा कणा आडनाव हा असतो. मुलगा झाला की वाट पुढे जाते, मुलीचे लग्न झाले की तिची वाट त्या पानावर संपते. सून येते ती तिच्या बापाच्या नावानिशी येते, आणि बहुधा तेवढीच येते. चार्ल्सची वाट शोधणाऱ्याला अडीचशे वर्षांची आयती पायवाट मिळते. कॅरोलाइनची शोधणाऱ्याला मात्र आधी क्वायनर, मग टकर, असे दर पिढीला आडनाव बदलत जावे लागते.

हेन्री क्वायनर १८४५ च्या शरदात मिशिगन सरोवरावरील वादळात जहाजासह बुडाला. मॅकिनॉच्या सामुद्रधुनीजवळ हे घडले. कॅरोलाइन तेव्हा पाच वर्षांची होती. विधवा शार्लटच्या पदरी सहा मुले राहिली. ती त्यांना घेऊन आणखी पश्चिमेला, जेफरसन कौंटीतील कॉन्कर्ड येथे गेली. १८४९ साली तिने फ्रेडरिक होलब्रुकशी दुसरे लग्न केले. या लग्नाची मुलगी धाकटी शार्लट, म्हणजे लॉटी. 'बिग वुड्स'मध्ये एक लॉटी मावशी पाहुणी म्हणून येते आणि लॉराचे तपकिरी केस सुंदर की मेरीचे सोनेरी, या प्रश्नाला हळुवार उत्तर देते. ती आईची सावत्र बहीण आहे, तिच्यामागे बुडालेले जहाज आणि दुसरा संसार आहे, याची वाचकाला कल्पनाही येत नाही. सावत्र बापाबद्दल कॅरोलाइनला आदर होता, असे मानायला एक आधार आहे. आपल्या एकुलत्या मुलाच्या नावात तिने फ्रेडरिक हे नाव घातले. वंशावळीत भावना लिहिलेल्या नसतात. ठेवलेल्या नावांतून त्या अधूनमधून वाचता येतात.

कॅरोलाइन सोळाव्या वर्षी शाळेत शिकवू लागली. १ फेब्रुवारी १८६० रोजी कॉन्कर्ड येथे तिचे चार्ल्सशी लग्न झाले. ही सोयरीक एकटी नव्हती. तिचा भाऊ हेन्री याने आदल्या वर्षी चार्ल्सच्या बहिणीशी, पॉलीशी, लग्न केले होते. पुढच्या वर्षी धाकटी बहीण एलायझा हिने चार्ल्सच्या भावाशी, पीटरशी केले. आपल्याकडे याला साटेलोटे म्हणतात आणि या शब्दाला थोडा व्यवहाराचा वास आहे. जंगल तोडून शेती करणाऱ्या त्या शेजाऱ्यांतही व्यवहार होताच. दोन घरे तीन लग्नांनी जोडली गेली की नांगराला, कापणीला, बाळंतपणाला हक्काची माणसे मिळतात. १८६३ साली पेपिनजवळची जमीन घेतली ती चार्ल्स आणि हेन्री या मेहुण्यांनी मिळून. मालिकेत लॉराचे वडील जणू एकट्याच्या बळावर रान उठवतात. प्रत्यक्षात त्या रानात आईचे माहेर शेजारी नांदत होते. क्वायनरांपैकी थोरला जोसेफ मात्र त्यांत नव्हता. यादवी युद्धात शायलोच्या लढाईत जखमी होऊन तो एप्रिल १८६२ मध्ये वारला.

आता कॅन्ससकडे वळू. १९३५ सालच्या 'लिटल हाउस ऑन द प्रेअरी' या पुस्तकाची ही भूमी. तेथे कुटुंब राहत असताना लॉरा दोन ते चार वर्षांची होती. पुस्तकातील सारे तपशील तिच्या आठवणीतले असणे शक्य नाही. ते आईवडिलांनी सांगितलेले आहेत. घर इंडिपेन्डन्स गावापासून चाळीस मैलांवर होते, असे पुस्तक म्हणते. या हिशेबाने शोधत गेलेल्यांना, खुद्द लॉरालाही, ते ठिकाण सापडले नाही. उलगडा झाला तो दोन कागदांमुळे. पहिला घरातल्या बायबलमधील जन्मनोंदींचे पान. त्यावर तिसरी मुलगी कॅरी हिचा जन्म ३ ऑगस्ट १८७० रोजी कॅन्ससमधील माँटगोमेरी कौंटीत झाल्याची नोंद आहे, आणि ती कॅरोलाइनच्या हातची आहे. दुसरा कागद त्याच महिन्यातील शिरगणतीचा. रटलंड टाउनशिपच्या यादीत चार्ल्स, कॅरोलाइन आणि तीन मुली आढळतात, त्यांत कॅरी काही दिवसांची आहे. ठिकाण इंडिपेन्डन्सपासून चाळीस नव्हे, तेरा-चौदा मैलांवर ठरले. लेखिकेची कथा जेथे वाट चुकते, तेथे आईने बायबलात लिहिलेली एक ओळ वाट दाखवते. मालिकेत गोष्टी सांगतात वडील. तारीख आणि ठिकाण लिहून ठेवते ती आई.

या शिरगणतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. जमिनीची किंमत लिहिण्याचा रकाना तेथे कोरा आहे. कारण ही जमीन ओसेज लोकांची होती, वसाहतकारांना तिच्यावर कोणताही हक्क नव्हता. ओसेजांकडून जमीन काढून घेण्याचा १८६८ सालचा करार सिनेटने मंजूर केलेला नव्हता. अमेरिकन काँग्रेसने ओसेजांना हलविण्याचा कायदा केला तो जुलै १८७० मध्ये. ओसेजांनी त्याला संमती दिली सप्टेंबरमध्ये. इंगल्स कुटुंब याच्या आधीच येऊन घर बांधून बसले होते. कॅरी जन्मली ती कायद्याने दुसऱ्याच्या असलेल्या भूमीवर. 'पायोनियर' या शब्दात सर्वप्रथम पाऊल टाकणारा असा अर्थ गृहीत आहे. जेथे पिढ्यान्‌पिढ्या लोक राहत होते तेथे तो शब्द वापरायचा, तर आधी त्या लोकांना मोजदादीतून वगळावे लागते. पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत नेमके तेच झाले होते. त्या मुलखात माणसे नव्हती, फक्त इंडियन राहत होते, अशा अर्थाचे वाक्य तिथे होते. १९५०च्या दशकाच्या आरंभी एका वाचकाच्या पत्रामुळे 'माणसे' या शब्दाच्या जागी 'वसाहतकार' हा शब्द आला. पुढे २०१८ साली अमेरिकन ग्रंथपालांच्या संघटनेने लॉराच्या नावाने दिल्या जाणाऱ्या बालसाहित्य पुरस्काराचे नाव बदलले, त्यामागे मूलनिवासी आणि कृष्णवर्णीय यांच्या चित्रणाविषयीचा हाच आक्षेप होता. पुस्तकातील आईला इंडियन लोकांचा तिटकारा आहे आणि तो लपवलेला नाही. कॅरोलाइनच्या वंशाचा शोध घेणाऱ्याच्या हाती शेवटी जो कागद येतो, तोच तिच्या घराखालची जमीन कुणाची होती हेही सांगतो. एका घराण्याचे मूळ शोधताना दुसऱ्यांचे उच्चाटन सापडते, आणि दोन्ही एकाच पानावर असतात.

कुटुंब १८७१ साली विस्कॉन्सिनला परतले. त्यांचे पूर्वीचे घर घेणाऱ्याला पैसे पुरे करता आले नव्हते, हे परतण्याचे एक कारण. पुढे मिनेसोटा आले, टोळधाड आली. १ नोव्हेंबर १८७५ रोजी मुलगा झाला: चार्ल्स फ्रेडरिक. २७ ऑगस्ट १८७६ रोजी, आयोवाकडे जाण्याआधी मिनेसोटातच पीटर आणि एलायझा यांच्याकडे मुक्काम असताना, तो दगावला. त्याच्या थडग्याची जागा आज कुणाला दाखवता येत नाही. मालिकेत हा मुलगा नाही. बर ओक या गावी हॉटेलात राबलेले वर्षही नाही, आणि धाकटी ग्रेस तेथेच १८७७ मध्ये जन्मली होती. लॉराने १९३० मध्ये लिहिलेल्या 'पायोनियर गर्ल' या आत्मकथनात मात्र दोन्ही आहेत. ते हस्तलिखित तेव्हा प्रकाशकांनी नाकारले होते, सटीप आवृत्ती निघाली ती २०१४ साली. मुलांसाठी लिहिताना लेखिकेने ते दुःख गाळले, हे समजण्यासारखे आहे. परंतु परिणाम असा झाला की आईचे सर्वांत मोठे दुःख जगप्रसिद्ध झालेल्या आईपासून वेगळे काढले गेले.

डाकोटात १८८० साली चार्ल्सने होमस्टेड कायद्याखाली जमीन मागितली. १८६२ च्या या कायद्याने १६० एकर जमीन मिळे, पाच वर्षे राहून कसली की मालकी हक्क येई. एकवीस वर्षांवरील अविवाहित स्त्रीला आणि विधवेलाही ती मागता येत असे. नवऱ्याच्या घरात असलेल्या बायकोला मात्र सहसा नाही, कारण कुटुंबप्रमुख तो. त्यामुळे जमिनीच्या दप्तरातही तिच्या कष्टांचा पुरावा नवऱ्याच्या सहीखाली जातो. सरकारी कागद, छापील कुलवृत्तान्त, जमिनीचे दप्तर या तिन्ही ठिकाणी कॅरोलाइनची नोंद कुणाची तरी म्हणून होते.

मग तिचे लहानपण आपल्यापर्यंत आले कसे? त्याचे उत्तर एका पत्रव्यवहारात आहे. वडिलांच्या अखेरच्या दिवसांत, १९०२ साली, लॉरा डी स्मेटला जाऊन आली होती. त्यानंतर मायलेकींची भेट झाली नाही. २० एप्रिल १९२४ रोजी कॅरोलाइन वारली. जून १९२५ मध्ये लॉराने आईच्या थोरल्या बहिणीला, मार्था क्वायनर कार्पेंटर हिला, पत्र लिहिले. तुमच्या आणि आईच्या लहानपणच्या गोष्टी मला लिहून पाठवा, अशी तिची विनंती होती. आई पूर्वी करीत असे त्या एका फुगणाऱ्या तळलेल्या खाद्याची कृतीही तिने मागितली. पुढे 'ऑन द बँक्स ऑफ प्लम क्रीक'मधल्या मेजवानीत तेच 'व्हॅनिटी केक' वाढले जातात. वयाची ऐंशी ओलांडलेल्या मावशीने एकापाठोपाठ पत्रे लिहून उत्तर दिले. दोन वर्षांनी तीही गेली. आज ही पत्रे आयोवातील हर्बर्ट हूवर अध्यक्षीय ग्रंथालयात, लॉराची मुलगी रोझ वाइल्डर लेन हिच्या कागदपत्रांत आहेत. नंतरच्या चरित्रकारांनी आणि कॅरोलाइनच्या बालपणावर कादंबऱ्या रचणाऱ्यांनीही याच पत्रांचा आधार घेतला.

येथे वंशशास्त्राची नेहमीची दिशा उलटते. कुलवृत्तान्त बापाकडून मुलाकडे, वरून खाली जातो. कॅरोलाइनचे चरित्र बहिणीकडून भाचीकडे, आडवे सरकत आले. स्त्रियांच्या इतिहासाचे साधन कोणते, हा प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्याने स्वतःला विचारावा असा आहे. पत्रे, पाककृती, बायबलाच्या पानांवरील नोंदी, मुलांना ठेवलेली नावे, जपून ठेवलेली वस्त्रे यांना आपण 'घरगुती' म्हणून बाजूला सारतो. आडनावाचा धागा जेथे तुटतो, तेथे याच वस्तू पुरावा होतात.

या घराण्याचा शेवटही पाहण्यासारखा आहे. कॅरोलाइनच्या चार मुली जगल्या. मेरी अंध होती, तिने लग्न केले नाही. कॅरी आणि ग्रेस यांना मुले झाली नाहीत. लॉराची एकच मुलगी वाचली, रोझ, आणि तिचेही मूल जगले नाही. १९६८ साली रोझ गेली आणि कॅरोलाइन क्वायनरची सरळ वंशरेषा संपली. वंशावळीच्या भाषेत तिच्या नावापुढे 'निर्वंश' असे लिहावे लागेल. आणि तरी एकोणिसाव्या शतकातील दुसऱ्या कुणा सामान्य अमेरिकन शेतकरणीच्या जन्मगावाविषयी, बापाच्या मृत्यूविषयी, घराच्या अचूक जागेविषयी एवढा शोध झाला असेल असे वाटत नाही. तो तिच्या रक्ताच्या वारसांनी केला नाही, वाचकांनी केला. एका लेकीने आईला पात्र केले, आणि त्या पात्रापोटी वाचक खऱ्या बाईला शोधत गेले.

हा मान तिच्या वाट्याला आला तो मुलगी लिहिती होती म्हणून. तिची आई शार्लट, वादळात नवरा गमावून सहा मुलांसह रानात उभी राहिलेली बाई, नातीच्या पुस्तकात पात्र म्हणून आली नाही, म्हणून ती आजही चरित्रांच्या पहिल्या प्रकरणातील दोन-तीन परिच्छेदांत आहे. आणि ज्यांच्या जमिनीवर कॅरीचा पाळणा हलला त्या ओसेज स्त्रियांची नावे त्या शिरगणतीच्या यादीत नाहीत. कॅरोलाइनचे माहेर सापडल्याचा आनंद खरा आहे. त्या यादीतील कोरा रकानाही तितकाच खरा आहे, आणि पुढच्या अभ्यासकाला तो नजरेआड करून चालणार नाही.